बेटातल्या उंदराची हकिकत

यावल,
ता. २० नोव्हेंबर १९६६

श्री. कांतीलालजी यांस,
सविनय जयजिनेंद्र.

आपलं पत्र पाडव्याला मिळालं. इकडे सगळे खुशाल आहेत. मातोश्री पानबाईंची तब्येत ठीक असेल, अमळनेरला थंडी सुरू झाली असेल, कॉलेज उघडलं असेल. एवढं विचारून मी उंदराकडे वळते, कारण आपण पत्रात त्याच्याखेरीज दुसरं काहीच विचारलेलं नाही. आई म्हणाली, "हे पत्र मुलीला आहे का उंदराला?" बापूजी मात्र खूश आहेत. उत्तर लिहायला त्यांनीच सांगितलं. पोस्टात पडण्याआधी हे पत्र ते वाचतील, तेही सांगून ठेवते.

आपण मला बघायला आलात त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. "शाळेतून आल्यावर काय करता?" असं आपण विचारलंत, आणि त्याचं उत्तर 'भरतकाम' असं मला आठवडाभर पढवलेलं होतं. तोंडून निघालं, "मागच्या बेटात एक उंदीर आहे, त्याला बघते." मावशींनी कपाळाला हात लावला. सगळे हसले. आपण कप खाली ठेवलात आणि विचारलंत, "शेपूट अंगापेक्षा लांब आहे का?" त्या हसण्यात माझं उत्तर राहून गेलं. ते आता देते.

आहे. मांजरानं मारून टाकलेला एक मला गेल्या वर्षी सापडला होता, त्याला शिवणाच्या टेपनं मोजलं. अंग जेमतेम तीन इंच, शेपूट पाचाच्या वर. पाठ भाजलेल्या चिंचोक्याच्या रंगाची, पोट पांढरंशुभ्र. घरातल्या उंदरासारखा ओशट वास नाही. पायाच्या पहिल्या आणि शेवटच्या बोटाला नखी नाही, आपल्यासारखं चपटं नख आहे. त्यामुळे त्याला काडी मुठीत धरता येत असावी.

आमचं घर आळीत शेवटचं. मागे परस, मग नाला, पलीकडे केळीचे मळे आणि त्याच्याही मागे सातपुडा. नाल्याकाठी बांबूचं बेट आहे. जिथे तीन बांबू एकमेकांवर रेलले आहेत तिथे, माझ्या डोक्याच्या हातभर वर, त्याचं घरटं आहे. सोललेल्या नारळाएवढा गोळा. बाहेरून गवत, आत बांबूची पानं दातांनी चिरून केलेला भुसा. दार कुठे ते कळत नाही. दिवसभर झोपतो. एकदा वाऱ्यानं बेट फार हललं तेव्हा बाहेर आला आणि शेपटीचा वेढा काडीला घालून बसून राहिला. डोळे मोठे आणि काळे. इथे कुणी त्याला चिचुंद्री म्हणतं, कुणी खारीचं पिल्लू. बाजारात कुणालाच तो वेगळा आहे हे माहीत नाही. सातपुड्यातून बांबूच्या गाड्या उतरतात, त्यांतून तो आला असावा असं मला वाटतं. चुकत असेन तर कळवावं.

आपला चौथा प्रश्न, दिवस मावळल्यावर तो बाहेर पडून काय करतो. 'सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे,' असं आपण दोनदा लिहिलं आहे. त्याबद्दल पुढे कधीतरी. सध्या गारठा आहे आणि आई संध्याकाळी परसात जाऊ देत नाही.

मातोश्रींना पायलागू सांगावं.

आपली,
कु. लाडकुंवर जवरीलाल

---

यावल,
ता. ११ डिसेंबर १९६६

श्री. कांतीलालजी यांस,
जयजिनेंद्र.

आपल्या कॉलेजात या उंदराचं एक वाळलेलं कातडं तेवढं आहे, आणि जिवंत उंदीर आपण स्वतः कधी पाहिलेला नाही, हे वाचून मला हसू आलं आणि नंतर वाईट वाटलं. मी काय काय केलं ते सांगते.

बेटाच्या बुडाशी मी चुलीतली राख चाळून पसरली. सकाळी बघितलं तर राखेवर मांजराचे पाय, सरड्याची फराटी, साळुंकीची नखं. उंदराची एकही खूण नाही. तीन-चार वेळा केलं, तेच. म्हणजे तो जमिनीवर उतरतच नसावा. बेटाला बोरीची फांदी टेकलेली आहे, तिथून त्याचा रस्ता आहे. फांदीवर बोरं आणि ज्वारीचे दाणे ठेवले. बोरांचा गर गेला, बिया तिथेच. ज्वारीला तोंड लावलं नाही. शेवग्याच्या कळ्या मात्र संपवल्या.

अंधार पडल्यावरचं थोडं सांगते. शाळेमागच्या मंदिरातली आरती संपते तेव्हा तो उठतो. आधी घरट्यात खसखस होते, मग बांबूच्या सुक्या सालीवर नखं वाजतात, मग काही वेळ काहीच नाही. तेव्हा तो बसून कानोसा घेत असणार. घरातला उंदीर धावतो तेव्हा आवाज सलग येतो. हा चार पावलं टाकतो आणि थांबतो. मी डोळे मिटून सांगू शकते की हा तो आणि हा तो नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्या साखरपुड्याला मांडव घालायचा म्हणून बापूजींनी बेटातले बांबू तोडायला झिपरूला बोलावलं. मला कुणी सांगितलं नाही. मी शाळेतून आले तेव्हा पाचसात बांबू आडवे झाले होते आणि झिपरू विळा बाजूला ठेवून उकिडवा बसला होता. म्हणाला, "बाई, आठे त कोन्हं तरी घर शे! पिल्ला शेतस." तीन पिल्लं होती. शेंगदाण्याएवढी, गुलाबी, डोळे मिटलेले. घरटं एका बाजूनं उसवलं होतं. पिल्लांची आई पळाली होती.

मी पदरानं घरटं उचललं आणि उभ्या राहिलेल्या बांबूला सुतळीनं बांधलं. बापूजी दुकानातून जेवायला आले, त्यांनी पाहिलं. मला वाटलं रागावतील. ते पिल्लांकडे बघत उभे राहिले आणि झिपरूला म्हणाले, "राहू दे. मांडवाचे बांबू भुसावळहून आणू. जीवाचं घर मोडून मांडव नको."

संध्याकाळी मी आणि जरीना बेटाजवळच्या दगडावर बसलो. जरीना आमच्या शेजारच्या कय्युमचाचांची मुलगी, चाचा गाद्या भरतात. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. बराच वेळ काही नाही. मग जरीना कुजबुजली, "लाडो, आली गं आली. घरट्यात शिरली." मग, "एक तोंडात धरून निघाली. मानेला धरलंय. वर चढतेय." मग ती परत आली, दुसरं नेलं. तिसऱ्या वेळी फार उशीर लागला. जरीना म्हणाली, "रुक गई है. शेपटी गुंडाळून बसलीये. थकली बिचारी." मी विचारलं, "पिल्लू तोंडात आहे ना?" "आहे, आहे." शेवटी तेही वर गेलं. जुन्या घरट्यापासून दोन हात वर, सांध्यात त्यांना ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी लावून लांबून पाहिलं. नवं घरटं बांधून झालं होतं.

एका रात्रीत एवढं काम त्या तीन इंचांनी केलं.

कळावं,
लाडकुंवर

---

यावल,
ता. २७ डिसेंबर १९६६

श्री. कांतीलालजी,
जयजिनेंद्र.

हे पत्र मी शाळेत, मधल्या सुटीत लिहिते आहे. घरी जाताना स्वतः पेटीत टाकीन. हे बापूजींनी वाचलेलं नाही.

तुमच्या पत्रात पिल्लांबद्दल पुष्कळ प्रश्न आहेत, आणि मध्येच एक वाक्य आहे. 'दिवसाचं सगळं तुम्ही पाहिलेलं असतं आणि अंधारातलं सगळं जरीनाने. तुम्ही शेजारीच बसलेल्या असता, मग तुम्ही का बघत नाही?' तुम्ही सहज विचारलं असेल. बापूजींनी ते वाचलं, पत्राची घडी घातली, आणि म्हणाले, "लिही की डोळ्याला वारा लागतो म्हणून बसत नाही."

मला अंधारात दिसत नाही.

लिहून झालं. वाटलं होतं यापेक्षा अवघड जाईल.

दिवसा मी तुमच्यासारखीच बघते. सुई ओवते, दुरून फळ्यावरची चूक पकडते. दिव्याखाली बरं चालतं. पण दिवस मावळला आणि दिवा नसला की माझ्यापुढे भिंत उभी राहते. तुम्हाला चांदण्यात झाडं दिसतात म्हणे. मला चांदणं म्हणजे आकाशात एक पांढरा ठिपका. लहानपणी वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. मग वरणगावला एका वरातीत बाकीच्या मुली धावत पुढे गेल्या आणि मी गटारात पडले, तेव्हा कळलं.

जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या. एका डॉक्टरांनी गाजरं सांगितली. आमच्याकडे कंद शिजत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. आईनं वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या चुलीवर, दोन हिवाळे मला गाजरं उकडून घातली आणि स्वतः त्याचं प्रायश्चित्त घेतलं. काही उपयोग झाला नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोष डोळ्याच्या आतल्या पडद्यात आहे, औषध नाही. पुढे दिवसाचं दिसणंही कडेनं आकसत जाईल. किती, ते सांगता येत नाही. बापूजींच्या मोठ्या बहिणीचे डोळे चाळिशीत पूर्ण गेले.

बापूजी वाईट नाहीत. हे तुम्हाला कळावं म्हणून एक सांगते. संध्याकाळी कुठून परत यायचं असलं की ते माझ्यापुढे दोन पावलं चालतात आणि खोकतात. पायरी आली की दोनदा, वळण आलं की लांब. गावात सगळ्यांना वाटतं जवरीलालजींना दमा आहे. एकदा वैद्यांनी घरी येऊन काढा दिला, तो त्यांनी मुकाट्यानं घेतला.

मलकापूरचं एक स्थळ आलं होतं, त्यांना बापूजींनी खरं सांगितलं. ते लोक चहा न घेता उठले. त्यानंतर घरात ठरलं की लग्नाआधी बोलायचं नाही. त्यांचं म्हणणं असं, की एकदा संसार लागला की माणसं सांभाळून घेतात. असतीलही घेत. पण पहिल्याच संध्याकाळी मी तुमच्या घरात भिंत चाचपत चालीन, आणि तुम्ही इतक्या बारकाईनं बघणारे, तुम्हाला तेव्हाच कळेल. आणि मग मी लिहिलेल्या उंदराच्या हकिकतीवरही तुमचा विश्वास राहणार नाही. त्यातलं एक अक्षर खोटं नाही. ऐकलेलं ते ऐकलेलं म्हणून लिहिलं, जरीनाचं ते जरीनाचं म्हणून.

काल जरीना म्हणाली, "बता दे उसको. शादी के बाद चिमनी बुझेगी तब बताएगी क्या?" मी तिला गप्प केलं. पण बरोबर तिचंच आहे.

एक मागणं आहे. तुम्ही नकार दिलात तर मला राग येणार नाही, पण कारण दुसरं सांगा. पत्रिका जुळत नाही म्हणा. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अजून व्हायचं आहे.

पिल्लांना केस फुटले आहेत. डोळे अजून मिटलेलेच आहेत.

लाडकुंवर

---

यावल,
ता. १४ जानेवारी १९६७

श्री. कांतीलालजी यांस,

तुमचं पत्र घरच्या पत्त्यावर आलं, तेव्हा बापूजींनी ते फोडणं ओघानंच आलं. दुकानातून ते भर दुपारी घरी आले. मला मागच्या खोलीत बोलावलं.

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही टाकू दिलं नसतं."

"नसतं," ते म्हणाले. मग, "अक्षर तरी नीट काढलं होतंस ना?" आणि पत्र माझ्या हातात देऊन उठून गेले. मी त्यांना असं पाठमोरं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

तुमचा होकार वाचला. तुम्ही धुळ्याच्या डॉक्टरांना जाऊन भेटलात, त्यांनी सांगितलेलं सगळं न लपवता मला लिहिलंत, 'मला भीती वाटते आहे, तरी माझं मन बदललेलं नाही' असं लिहिलंत. ही भीती लिहिली नसतीत तर होकारावर माझा विश्वास बसला नसता.

पण शेवटी तुम्ही म्हणता, आईला एवढ्यात सांगू नका, लग्नानंतर मी हळूहळू तिच्या कानावर घालीन.

नको.

माझ्या घरानं तुमच्यापासून जे लपवलं ते मी उघडं केलं, आणि आता तेच आपण दोघांनी मिळून तुमच्या आईपासून लपवायचं? घरात माझा दिवस तुमच्यापेक्षा त्यांच्याबरोबर जास्त जाणार आहे. त्यांना कळल्याशिवाय मी त्या घरात येणार नाही. त्या नाही म्हणाल्या तर नाही. रागावू नका. याच्यापुढे मला दुसरं काही लिहिता येत नाही.

पिल्लांचे डोळे उघडले. तिन्ही बोरीच्या फांदीपर्यंत येतात.

लाडकुंवर

---

यावल,
ता. ५ फेब्रुवारी १९६७

कांतीलालजी,

तुम्ही परीक्षांच्या कामात अडकलात म्हणून मातोश्री एकट्याच आल्या, आणि घरी परत गेल्यावरही तुम्हाला काही सांगत नाहीत, असं तुम्ही लिहिता. 'काय झालं ते तूच कळव.' कळवते. तुम्ही पहिल्यांदा मला 'तू' म्हटलंत, तेही लक्षात आलं.

त्या चोपड्याच्या गाडीनं दुपारी उतरल्या. हातात एक पिशवी. आईची धांदल उडाली. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, बैठकीतच उभ्या राहून बापूजींना म्हणाल्या, "जवरीलालजी, खरं तुमची मुलगी बोलली, तुम्ही नाही. म्हणून मी तुमच्याशी नाही, तिच्याशी बोलायला आले." बापूजींनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, संपलं.

पण त्या बसल्या. जेवल्या. मला शाळेबद्दल विचारलं, मग हातात पोथी देऊन वाचायला लावली. दिवस कलला. दिवेलागण झाली तेव्हा उठल्या. "चल, तुझा तो उंदीर दाखव."

परस मला पाठ आहे. तुळशीपासून वीस-पंचवीस पावलं, मग उतार, मग बेट. मी पुढे, त्या मागे. आणि मध्येच मी बाजेवर आदळून तोंडघशी पडले. पाहुण्यांसाठी अंगण मोकळं करायला कुणीतरी बाज अंगणातून काढून तिथे टाकली होती. गुडघा फुटला. आई धावली असणार, कारण मातोश्रींचा आवाज ऐकला, "राहू द्या, तिला उठू द्या." मी उठले.

"रोज पडतेस?"

"घरात नाही. आज बाज कुणीतरी हलवली."

मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मग त्या म्हणाल्या, "आमच्या घरात बाज कुणी हलवणार नाही."

तिथे मला रडू आलं. त्यांनी मला बेटाजवळच्या दगडावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या, पदर भिजवून गुडघा पुसला. आणि मी काही न विचारता सांगू लागल्या, "तो बघ निघाला. केवढीशी मूठ! शेपटी वेलासारखी गुंडाळतोय. मागून अजून एक... हे पिल्लू दिसतंय. त्याला जमत नाहीये... जमलं."

मी म्हटलं, "पुढे दिवसाचंही जाईल कदाचित. मी तुम्हाला स्वयंपाक करून घालीन की तुम्हीच मला, हे मला माहीत नाही."

"मला तरी माझं कुठे माहीत आहे? आणि सूर्य मावळायच्या आत आपल्यात चूल विझते. त्यानंतर बाईनं घरात बघायचं तरी काय उरतं?" असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. मग हसू थांबलं. "मी मनाशी खूप भांडले, बेटी. कांतीनं सांगितलं त्या दिवशी मी नाहीच म्हणाले होते. नंतर वाटलं, जी मुलगी एवढं लिहू शकते ती माझ्याशी कधी खोटं बोलणार नाही. घरात यापेक्षा जास्त काय लागतं? नातवंडांचं काय, ते विचारू नकोस. ते मीही विचारत नाही. भीती मलाही वाटते."

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी हे पत्र आहे. त्या म्हणाल्या, "माझा होकार आहे. पण माझा होकार पुरत नाही. मी आहे तोवर तुझा हात मी धरीन. बाई बाईचा हात धरते, त्याला कुणी हसत नाही. माझ्यामागे कांतीनं धरायचा आहे. भर बाजारात, त्याच्या विद्यार्थ्यांसमोर, दिवेलागणीला. तो लाजाळू आहे. माझ्याबरोबर देवळात येतानासुद्धा चार पावलं मागे चालतो. त्याला जमेल की नाही, हे मला आई असून माहीत नाही. ते तू विचार."

म्हणून विचारते.

पत्रात उत्तर देऊ नका. पत्रात तुम्ही 'हो' लिहाल आणि ते मनापासून लिहाल, हे मला ठाऊक आहे. रविवारी परीक्षा नसतात, म्हणून येत्या रविवारी संध्याकाळच्या गाडीनं या. उजेड असेपर्यंत मी स्टँडवर पोचलेली असेन. गाडी येईपर्यंत अंधार पडलेला असेल. रविवारी आमचा बाजार असतो, परतीच्या रस्त्यावर सगळं गाव असेल, दुकानाच्या ओट्यावर बापूजी असतील. मी त्यांना सांगितलं आहे की मी एकटी जाणार. ते नको म्हणाले नाहीत.

गाडीतून उतरल्यावर मला हाक मारा. मी आवाजाकडे तोंड करीन. पुढचं तुम्ही करायचं आहे.

स्टँडवर उभी असलेली,
लाडकुंवर